लेबलावरील सत्याचा पहारेकरी : डॉ. हार्वे वायली

बाजारातून आणलेल्या बिस्किटांच्या पुड्यावर किंवा औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत काही मजकूर छापलेला असतो. आत कोणते घटक आहेत, त्यांचे प्रमाण किती, माल कोणी व केव्हा तयार केला, याची ती नोंद असते. आपण ती बहुधा वाचत नाही. तरीही ती तेथे आहे आणि ती खोटी निघाल्यास छापणाऱ्याला कायद्यापुढे उभे राहावे लागते, या भरवशावर आपण औषधाचा चमचा लेकराच्या ओठांना लावतो.

हा भरवसा मानवजातीला आयता मिळालेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेसारख्या प्रगत देशातही बाटलीत काय भरले आहे हे ग्राहकाला सांगण्याची सक्ती करणारा, संपूर्ण देशाला लागू असा कायदा नव्हता. तो व्हावा म्हणून ज्यांनी आपली उमेदीची वर्षे वेचली, त्यांत डॉ. हार्वे वॉशिंग्टन वायली यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्यांच्या जीवनाचा हा परिचय.

शेतकऱ्याच्या घरातील संस्कार

वायली यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील केंट या खेड्याजवळ, एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील प्रेस्टन वायली शेती करीत, मुलांना शिकवीत आणि प्रवचनेही देत. नदीपलीकडच्या केंटकी राज्यात त्या काळी गुलामगिरी कायदेशीर होती. प्रेस्टन वायली मात्र तिचे कट्टर विरोधक होते. एखादी गोष्ट सर्वत्र चालते आणि कायद्याला मान्य आहे, एवढ्यावरून ती न्याय्य ठरत नाही, हा धडा हार्वे यांना पुस्तकाआधी घरातच मिळाला. पुढे व्यापाऱ्यांचा चालत आलेला रिवाज त्यांच्यापुढे मांडला जाई, तेव्हा हाच संस्कार त्यांच्या कामी आला.

१८६३ साली ते हॅनोव्हर महाविद्यालयात दाखल झाले. देशात यादवी युद्ध पेटलेले होते. १८६४ मध्ये त्यांनी उत्तरेच्या सैन्यात काही महिने सेवा केली आणि परतून १८६७ साली पदवी संपादन केली. काही काळ त्यांनी लॅटिन व ग्रीक शिकवले. १८७१ साली ते वैद्यकीय पदवीधर झाले. परंतु दवाखाना थाटण्याऐवजी त्यांनी रसायनशास्त्राची वाट धरली आणि १८७३ साली हार्वर्ड येथून आणखी एक पदवी मिळवली. १८७४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले, तेव्हा तरुण वायली तेथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

स्वभावाने ते आनंदी, विनोदी आणि काहीसे मनमोकळे होते. प्राध्यापकाने विद्यार्थ्यांसह चेंडूफळी खेळावी आणि आखूड विजार घालून सायकलीवरून फिरावे, हे विद्यापीठाच्या विश्वस्तांना रुचले नाही आणि त्यांनी वायलींना बोलावून समज दिली. प्रतिष्ठेपुढे मान तुकवणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते, हे पुढे अधिक मोठ्या मंडळींनाही कळून चुकले.

पाकातले असत्य

१८७८ साली वायली जर्मनीस गेले. बर्लिन येथे ऑगस्ट विल्हेल्म फॉन हॉफमन या थोर रसायनशास्त्रज्ञाची व्याख्याने त्यांनी ऐकली आणि तेथील शासकीय अन्न प्रयोगशाळेत काम करून साखरेचे पृथक्करण करण्याची रीत आत्मसात केली. ते परतले, तेव्हा इंडियानाच्या आरोग्य मंडळाने बाजारात विकल्या जाणाऱ्या साखरेची व पाकाची तपासणी करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. मधाच्या आणि मेपल वृक्षाच्या पाकाच्या नावाखाली मक्यापासून काढलेले स्वस्त ग्लुकोज सर्रास विकले जात असल्याचे त्यांना आढळले. १८८१ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्लुकोज हे काही विष नव्हे. परंतु ग्राहक मधाचे दाम मोजतो आणि त्याच्या पदरात दुसरेच काही पडते, ही फसवणूक होय, अशी त्यांची भूमिका होती.

१८८३ साली ते वॉशिंग्टन येथे अमेरिकेच्या कृषी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ झाले. तो काळ झपाट्याने बदलत होता. पूर्वी दूध शेजारच्या गोठ्यातून येई आणि पीठ गावच्या गिरणीतून. भेसळ करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच गिऱ्हाईकाच्या दारात उभे राहावे लागे. आता शहरे फुगली होती, अन्न कारखान्यांत तयार होऊन आगगाडीने शेकडो मैल दूर जात होते. विकणारा आणि खाणारा एकमेकांना ओळखत नव्हते. तोंडओळखीची ही जागा रिकामी झाली आणि तेथे लबाडी शिरली.

वायली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८७ पासून अनेक वर्षे या लबाडीची शास्त्रीय मोजदाद केली आणि ती खात्याच्या अहवालांतून खंडाखंडाने प्रकाशित केली. पाणी घातलेले दूध, चिकोरी मिसळलेली कॉफी, पिठाने वाढवलेले मसाले, मोरचुदाने हिरवेगार केलेले डबाबंद वाटाणे, अशी ती यादी लांबत गेली. नासू लागलेल्या दुधात फॉर्माल्डिहाइड, म्हणजे प्रेते टिकवण्यासाठी वापरले जाणारे रसायन, घातले जाई. त्यामुळे दूध आंबत नसे. पण ते पिणाऱ्या बालकांच्या पोटात काय जात होते, हे कोणी विचारत नव्हते.

औषधांची गत याहून वाईट होती. बाळाचे रडणे थांबवणारे म्हणून मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप घरोघरी पोहोचले होते. त्यात मॉर्फीन होते. बाळ शांत होई, कधी कायमचे. बाटलीत अफूचा अर्क आहे हे त्या मातेला कोणी सांगितलेच नव्हते. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या मातांनी तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवल्याची नोंद आपल्याकडेही आहे. त्या मातांना निदान गोळीत अफू आहे हे ठाऊक होते. अमेरिकेतील मातेला तर तेवढेही कळू दिले जात नव्हते.

विषाच्या पंगतीतील बारा तरुण

अन्न टिकवण्याची रसायने निरुपद्रवी आहेत, असा उत्पादकांचा दावा होता. तो खोडून काढण्यास पुरावा हवा होता. १९०२ साली अमेरिकी संसदेने या कामासाठी ५,००० डॉलर मंजूर केले आणि वायलींनी एक अपूर्व प्रयोग मांडला. खात्याच्या इमारतीच्या तळघरात स्वयंपाकघर व भोजनगृह उभारण्यात आले. बारा निरोगी तरुण स्वेच्छेने पुढे आले. त्यांतील बहुतेक खात्यातीलच कर्मचारी होते. त्यांना तिन्ही वेळचे उत्तम जेवण मोफत मिळणार होते. अट एवढीच की बाहेरचा घासही घ्यायचा नाही आणि जेवणासोबत दिले जाणारे रसायन पोटात जाऊ द्यायचे.

प्रारंभ बोरॅक्सने, म्हणजे आपल्याकडच्या टाकणखाराने झाला. सुरुवातीला तो लोण्यात मिसळला गेला. पण हे ध्यानात येताच तरुणांचे हात लोण्याकडे वळेनासे झाले. दुधात व मांसात घालून पाहिले, तरी तेच घडले. अखेर तो कुपीत भरून उघडपणे दिला जाऊ लागला. पुढे सॅलिसिलिक आम्ल, गंधकयुक्त संयुगे, बेंझोइक आम्ल आणि फॉर्माल्डिहाइड यांची पाळी आली. प्रत्येकाचे वजन, नाडी आणि तापमान नोंदवले जाई, मलमूत्राची तपासणी होई. काही आठवड्यांत कोणाचे डोके दुखू लागले, कोणाची भूक मेली, कोणाला मळमळ व पोटदुखी जडली. वृत्तपत्रांनी या मंडळींचे नाव विषपथक असे ठेवले आणि ते देशभर गाजले. त्यांच्यावर विनोद झाले, गाणी रचली गेली. परंतु त्या हसण्यातूनच सामान्य माणसाला प्रथमच प्रश्न पडला, की या तरुणांना जे मोजून-मापून दिले जाते, तेच आपल्या घरात न मोजता येत आहे काय?

आजच्या शास्त्रीय कसोट्यांवर हा प्रयोग अपुरा ठरेल. माणसे थोडी होती आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. त्याहून गंभीर प्रश्न नीतीचा आहे. आपल्याच खात्यातील तरुणांना अपायकारक पदार्थ खाऊ घालणे कितपत योग्य, हा आक्षेप टाळता येणार नाही. त्यांना जोखमीची कल्पना दिलेली होती आणि त्यांनी सहीनिशी संमती दिली होती, हे मात्र नमूद केले पाहिजे. देशातील लक्षावधी बालके तोच प्रयोग संमतीविना भोगत होती.

गृहिणींनी हाती घेतलेले काम

प्रयोगशाळेतील पुरावा आपोआप कायदा होत नाही. १८७९ पासून शंभराहून अधिक विधेयके संसदेत आली आणि बारगळली. मद्य, डबाबंद अन्न आणि तयार औषधे यांचे धनाढ्य उत्पादक विरोधात होते. वृत्तपत्रांचे तोंडही बांधलेले होते. औषधविक्रेते जाहिरातींचे जे करार करीत, त्यांत त्यांच्या धंद्याला बाधक कायदा झाल्यास करार रद्द समजावा, असे कलम असे. साहजिकच अनेक संपादकांची लेखणी त्या विषयापाशी थबकत असे.

ही कोंडी फोडण्यात स्त्रियांच्या संघटनांचा वाटा मोलाचा आहे. न्यू जर्सी राज्यातील क्रॅनफर्ड या गावच्या अ‍ॅलिस लेकी यांनी १९०३ साली आपल्या ग्रामसुधार मंडळात व्याख्यान देण्यासाठी कृषी खात्याकडे वक्ता मागितला. वायली स्वतः गेले. त्या एका व्याख्यानातून लेकी यांना जीवनकार्य गवसले. स्त्रियांना तेव्हा देशाच्या निवडणुकीत सर्वत्र मतदानाचा हक्क नव्हता. परंतु चूल त्यांच्या हाती होती आणि लेकरू त्यांच्या मांडीवर होते. त्यांनी गावोगावी सभा घेतल्या, भेसळीच्या पदार्थांची प्रदर्शने भरवली, लोकप्रतिनिधींना पत्रे धाडली. १९०५ साली लेकी व इतर कार्यकर्त्यांनी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची भेट घेतली आणि त्याच वर्षअखेरीस त्यांनी संसदेला असा कायदा करण्याची शिफारस केली.

काही पत्रकारांनीही धैर्य दाखवले. लेडीज होम जर्नलचे संपादक एडवर्ड बॉक यांनी गुप्त औषधांविरुद्ध आघाडी उघडली. सॅम्युएल हॉपकिन्स अ‍ॅडम्स यांनी ऑक्टोबर १९०५ पासून कॉलिअर्स या साप्ताहिकात लेखमाला लिहून, आजाऱ्यांच्या असहायतेवर जगणारा हा धंदा नावानिशी उघडा केला. १९०६ च्या आरंभी अप्टन सिंक्लेअर यांची शिकागोच्या कत्तलखान्यांवरील 'द जंगल' ही कादंबरी प्रकाशित झाली. लेखकाला कामगारांच्या हालअपेष्टा दाखवायच्या होत्या. वाचकांनी मात्र आपल्या ताटातील मांसाकडे पाहिले आणि ते हादरले.

अखेर ३० जून १९०६ रोजी रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न व औषध कायदा आणि मांस तपासणी कायदा या दोहोंवर स्वाक्षरी केली. भेसळयुक्त वा खोट्या नावाने विकलेला माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे हा गुन्हा ठरला. औषधात अल्कोहोल, मॉर्फीन, अफू, कोकेन, हेरॉइन, क्लोरोफॉर्म यांसारखे द्रव्य असल्यास त्याचे नाव व प्रमाण बाटलीवर छापणे बंधनकारक झाले. बाळाच्या औषधात काय आहे, हे मातेला आता वाचता येणार होते. वायली तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते.

विजयानंतरची कसोटी

लोककथा बहुधा विजयापाशी संपतात. वायलींची खरी परीक्षा येथून पुढे सुरू झाली. कायद्याची अंमलबजावणी त्यांच्याच विभागाकडे आली. ज्यांना कायदा रोखता आला नाही, ते आता त्याची धार बोथट करण्याच्या मागे लागले. वायलींच्या निर्णयांवर नजर ठेवण्यासाठी १९०७ साली खात्यातच एक मंडळ नेमले गेले. तेथे त्यांचे मत वारंवार एकाकी पडू लागले.

त्याच सुमारास रूझवेल्ट यांच्यासमोर झालेल्या एका बैठकीत सॅकरीनचा विषय निघाला. साखरेऐवजी सॅकरीन वापरून ते न सांगणे ही ग्राहकाची फसवणूक असून ते आरोग्यासही घातक आहे, असे वायली मध्येच बोलून गेले. राष्ट्राध्यक्ष स्वतः डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज सॅकरीन घेत होते. त्यांचा पारा चढला. पुढे वायलींच्या निष्कर्षांची फेरतपासणी करण्यासाठी शास्त्रज्ञांचे मंडळ स्थापन झाले आणि त्याचे अध्यक्षपद आयरा रेमसेन यांच्याकडे गेले. ज्या प्रयोगशाळेत सॅकरीनचा शोध लागला, तिचे ते प्रमुख होते.

या वादांत वायलींचीच बाजू सदैव बरोबर होती, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. बेंझोएटचा मर्यादित वापर आज अनेक देशांत सुरक्षित मानला जातो. कोका-कोलातील कॅफीनविरुद्ध त्यांच्या आग्रहाने खटला उभा राहिला. १९११ मध्ये चॅटनूगा येथील न्यायालयात सरकारचा पराभव झाला. १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवल्यानंतर कंपनीने तडजोड करून कॅफीनचे प्रमाण घटवले. पदार्थ घातक असल्याचे सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर नसावा, तो निर्धोक असल्याचे विकणाऱ्याने दाखवावे, हा त्यांचा मूळ आग्रह मात्र काळाच्या कसोटीला उतरला. बोरॅक्स व फॉर्माल्डिहाइड यांच्याविषयीही त्यांची भीती खरी ठरली.

१९११ साली त्यांच्यावर थेट घाव घालण्यात आला. एका तज्ज्ञाला कायद्याच्या मर्यादेबाहेर मानधन देण्याची व्यवस्था केल्याचा ठपका ठेवून त्यांना शिक्षा करण्याची शिफारस झाली. जनतेत संताप उसळला. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी चौकशीअंती त्यांना निर्दोष ठरवले. परंतु अधिकार कागदावर राहिले आणि हात बांधलेलेच राहिले. १५ मार्च १९१२ रोजी, एकोणतीस वर्षांच्या सेवेनंतर, वायलींनी राजीनामा दिला.

खुर्ची सुटली, काम सुटले नाही. गुड हाउसकीपिंग या मासिकाने त्यांना प्रयोगशाळा व स्तंभ दिला आणि पुढील अठरा वर्षे ते गृहिणींना अन्नाविषयी सावध करीत राहिले. १९११ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी अ‍ॅना केल्टन यांच्याशी विवाह केला होता. अनेक वर्षांपूर्वी त्यांनी दिलेला नकार वायलींनी मनाला लावून घेतला नव्हता. त्यांचे छायाचित्र ते घड्याळात जपून ठेवीत. या दांपत्याला दोन पुत्र झाले. अ‍ॅना स्वतः स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत होत्या आणि १९१७ साली राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानापुढे निदर्शने करताना त्यांना अटक झाली. १९२९ साली वायलींनी एक ग्रंथ प्रसिद्ध करून अन्न कायद्याची आतून कशी मोडतोड झाली, याचा हिशेब मांडला. पुढच्याच वर्षी, ३० जून १९३० रोजी, कायद्यावर स्वाक्षरी झाल्याला बरोबर चोवीस वर्षे पूर्ण होत असताना, त्यांची प्राणज्योत मालवली. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत.

त्यांच्या मागे राहिलेला प्रश्न

१९०६ चा कायदा अपुरा होता. १९११ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला होता की कायदा घटकांविषयीच्या असत्याला रोखतो, रोग बरा करण्याच्या खोट्या दाव्याला नव्हे. औषध विकण्यापूर्वी त्याची सुरक्षितता तपासण्याची तर कोणावरही सक्ती नव्हती. या उणिवेची किंमत १९३७ साली मोजावी लागली. टेनेसी राज्यातील एका कंपनीने सल्फानिलमाइड हे औषध डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून गोड चवीने बाजारात आणले. शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अनेक बालके होती. ते जप्त करताना सरकारला आधार सापडला तो लेबलाचाच. इलिक्सर या नावाचा अर्थ अल्कोहोलयुक्त द्रावण असा होता आणि बाटलीत अल्कोहोल नव्हते! बळी घेतल्याबद्दल नव्हे, तर चुकीच्या नावाबद्दल ते विष पकडता आले. १९३८ च्या नव्या कायद्याने बाजारात येण्याआधी औषधाची सुरक्षितता सिद्ध करणे अनिवार्य केले.

याच विषाने आपल्याही दारात शोक आणला. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरीन पोटात गेल्याने चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणातील बेपर्वाई व भ्रष्टाचार यांवर कठोर प्रकाश टाकला. औषधांसंबंधीचा कायदा आपल्या देशात १९४० पासून होता. कायदा होता, पहारेकरी झोपला होता. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुलांचे प्राण घेतले, तेव्हाही त्या बाटलीत हेच द्रव्य निघाले.

वायलींच्या जीवनाचे सार येथे सापडते. त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे एकच साधी मागणी केली, की वस्तूवर जे लिहिले असेल ते खरे असावे. तिच्यासाठी बारा तरुणांनी आपले आरोग्य पणाला लावले, हजारो गृहिणींनी पत्रे लिहिली आणि स्वतः वायलींनी पदाचा त्याग केला. कायदा संमत होणे हा त्या कार्याचा आरंभ होता. तो जिवंत ठेवण्याचे काम प्रयोगशाळेतील तपासनिसाचे आहे, परवान्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे आहे, विक्रेत्याचे आहे आणि आपलेही आहे. पुढच्या वेळी औषधाची बाटली हाती येईल, तेव्हा चष्मा शोधण्याचे कष्ट घ्यावेत आणि ती बारीक अक्षरे एकदा वाचावीत. ती तेथे छापली जावीत म्हणून कोणीतरी आपले आयुष्य खर्ची घातले आहे.